आदर्श सुनेचं मनोगत

माझं नाव माइकवर पुकारलं तेव्हा मी आत्यांच्या नाकातला फुटाणा काढत होते.

फुटाणे प्रसादाचे होते. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या हातावर मूठमूठ ठेवले होते. आत्यांनी दोन खाल्ले, चार पदराच्या गाठीला बांधले आणि एक नाकात घातला. मी त्यांची दुसरी नाकपुडी दाबून धरून म्हणत होते, "शिंकरा, आत्या. जोरात." आणि वरून जालिंदरनाना म्हणत होते, "या माउलीला मी विनंती करतो, की तिनं व्यासपीठावर यावं."

आत्यांनी शिंकरलं. फुटाणा लाल गालिच्यावर पडला. मी उठले.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्या खानापूर तालुक्यात सासूला आत्या म्हणतात, सासऱ्याला मामा. मामा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आत्यांचं डोकं जायला लागलं. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणाले, गाव म्हातारचळ म्हणालं, माझी जाऊ शैला अल्झायमर म्हणाली. नाव काही ठेवा, लुगडी मीच धूत होते. सहा वर्षं.

आमच्याकडची निम्मी घरं गलाईवर चालतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. पुरुष सगळे मुलूखभर पांगलेले. माझा नवरा हणमंत कोइमतुरात, दीर उत्तम रायपुरात. इकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. गावात बंगले उभे आहेत, बंगल्यात एकेक म्हातारं माणूस आहे आणि त्याच्या उशाला एकेक सून. चैत्रात जत्रा असते तेव्हा सगळे गाड्या घेऊन येतात. पाच दिवस राहतात, पालखीपुढं नाचतात, आईच्या पायावर डोकं ठेवतात, रडतात आणि जातात.

आत्या उमेदीत मामांबरोबर कोइमतुरात होत्या, अठ्ठावीस वर्षं. गलाईच्या दुकानातला केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचे कण असतात. तो झाडून साठवायचा आणि वर्षाकाठी जाळून, धुऊन मुशीत घालायचा. मूस म्हणजे वितळवायचं भांडं. हे झाडायचं काम आत्यांचं. सगळं विसरल्या, हे विसरल्या नाहीत. दिवसभर घर झाडायच्या आणि माती चिंधीत बांधून ठेवायच्या. तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यात, माझ्या ब्लाउजच्या बाहीत. दरवर्षी हणमंत जत्रेला आला की म्हणायचा, "ही काय घाण साठवलीस घरात? टाकून दे की." टाकली की आत्या हंबरडा फोडायच्या. तो ऐकायला हणमंत नसायचा, म्हणून मी टाकत नव्हते.

आत्यांचं वजन पंच्याहत्तर किलो, माझं एकोणपन्नास. संडासातून उठवायचं, न्हाणीतून उठवायचं, पडल्या की उठवायचं. दिवसातून दहा-बारा वेळा. पाचव्या वर्षी माझं अंग बाहेर यायला लागलं. ज्यांना हे कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गर्भाशय खाली सरकतं आणि बाहेर येतं. बायका ते हातानं आत ढकलतात आणि भाकरी थापायला बसतात. मीही वर्षभर तेच केलं. मग रक्त दिसलं तेव्हा विट्याला मुल्लाबाईंच्या दवाखान्यात गेले.

"वजन काय उचलता?" बाईंनी विचारलं.

"सासू."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशन करावं लागेल. नंतर तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. मग सासूला कोण बघणार?"

"मी बघते की."

"तुम्ही नाही. दुसरं कोण?"

तीन तारखा घेतल्या आणि तिन्ही मोडल्या. पहिल्या वेळी शैलाच्या पोराची दहावी होती. दुसऱ्या वेळी हणमंतच्या दुकानात लग्नसराई. तिसऱ्या वेळी आत्यांना ताप भरला आणि मीच गेले नाही. चौथ्या वेळी मुल्लाबाईंनी तपासलं आणि हात धुताना पाठमोऱ्याच बोलल्या.

"बाहेर घासून जखम झालीय. ती चिघळली तर मी काही करू शकणार नाही. तारीख आता तुम्ही सांगा. आणि ही मोडली तर माझ्या दारात येऊ नका."

मी जत्रेतला बुधवार सांगितला. मंगळवारी संध्याकाळी भरती व्हायचं. त्या दिवसांत सगळे घरात असतात, असा माझा हिशेब.

हणमंत रविवारी आला. त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढली आणि मी सांगितलं.

"बुधवारी?" तो म्हणाला. "अगं, पाच दिवसांसाठी येतो मी. त्यात तू दवाखान्यात?"

"मग कधी जाऊ? तुम्ही नसताना?"

"तसं नव्हं. जत्रा होऊन जाऊ दे की. एवढी कळ काढलीस."

"काढली म्हणूनच बाहेर आलंय."

"जेवताना काय बोलतीस," असं म्हणून त्यानं ताट सरकवलं. पोळी मात्र खाल्ली.

शैला सोमवारी आली. तिनं मला मिठी मारली आणि लगेच लांब धरून बघितलं.

"अक्का, किती वाळलात! स्वतःची काळजी घेत जा हो. मी तर सकाळी अर्धा तास कुण्णाची नसते. योगा, मग लिंबूपाणी. आपण नीट तर घर नीट. स्वतःसाठी वेळ काढायलाच पाहिजे."

"शैला, बुधवारपासून आठ दिवस आत्यांचं बघशील? तेवढा वेळ काढते मी."

"अय्या, आमचं शुक्रवारचं वाटेतल्या हॉटेलचं रिझर्व्हेशन आहे ना."

शैलाचं ते पहिलं वाक्य मी सहा वर्षांत सगळ्यांकडून ऐकलं होतं. काळजी घे. भावानं फोनवर सांगितलं, नणंदेनं सांगितलं, औषधाच्या दुकानदारानं गोळ्या देता देता सांगितलं. काळजी घे म्हणणारा माणूस हमखास दाराकडं तोंड करून उभा असतो. त्यांच्यातल्या एकानंही कधी म्हटलं नाही, की उठ, तू जा, मी बसतो.

त्याच संध्याकाळी जालिंदरनाना आले. गलाईवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. पांढरे बूट, पांढरी गाडी, डोईवर पांढरं काही उरलं नव्हतं, सगळं काळं केलेलं.

"मालनताई, मंडळानं यंदापासून आदर्श सून पुरस्कार काढलाय. पहिला मान तुमचा. उद्या अकरा वाजता."

"नाना, त्यापेक्षा मला दोन बायका द्या. आठ दिवसांसाठी."

नाना हणमंतकडं बघून खो खो हसले. "वहिनी विनोदी आहेत हं!"

ते गेल्यावर हणमंत कपाटातून पांढरी पँट काढून तिला इस्त्री करायला बसला. खूश होता. इस्त्री फिरवता फिरवता म्हणाला, "आता बुधवारचं तर राहूच दे. उद्या आदर्श सून म्हणून सत्कार, आणि परवा म्हातारीला सोडून दवाखान्यात? लोक काय म्हणतील?"

बोलण्यासारखं होतं ते माझं दोनदा बोलून झालं होतं.

मंगळवारी सकाळी मी दोन पिशव्या भरल्या. एक माझी. ती दूधवाल्याबरोबर पुढं पाठवून फाट्यावरच्या रसवंतीत ठेवायला सांगितली. दुसरी आत्यांची. तिच्यात दोन लुगडी, लंगोट, गोळ्या, वाटी-चमचा आणि कोरड्या चिंध्या. ती घेऊन मी आत्यांसकट मांडवात गेले. ती पिशवी माझ्या खांद्याला कायमच असते, म्हणून कुणी विचारलं नाही.

तर फुटाणा पडला आणि मी आत्यांना हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेले. टाळ्या पडल्या. नानांनी भाषण केलं. सहा वर्षांची त्यांनी अकरा केली. "तोंडातून ब्र न काढता," असं तीनदा म्हणाले. शाल घातली, नारळ दिला, देवळाच्या आकाराची एक काचेची ट्रॉफी दिली. शाल खरोखर चांगली होती, मऊ, मोरपिशी. मी ती आत्यांच्या अंगावर घातली. पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेत हणमंत डोळे पुसत होता, शैला मोबाइलवर चित्रीकरण करत होती.

"आता ताईंनी दोन शब्द मनोगताचे बोलावेत," नाना म्हणाले.

मी माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"माझं अंग बाहेर आलंय," मी म्हटलं.

मांडवात पाचशे माणूस असेल. पुरुषांना वाटलं मी दमले म्हणतेय. बायका मात्र एकदम गप्प झाल्या.

"आत्यांना उचलून उचलून आलंय. आज भरती व्हायचं आहे, उद्या ऑपरेशन आहे. तीन महिने मला उचलायचं नाही. या पिशवीत सगळं आहे. दुपारी दोनला पिवळी गोळी, ती गुळात घालून द्यायची. खाताना बोटं चावतात, म्हणून चमचा. दर दोन तासांनी मोरीवर न्यायचं, न्यायच्या आधी विचारायचं नाही, नाही म्हणतात. लुगडं पुढून सोडायचं. माती गोळा करतील, करू द्या. हिसकावून घेऊ नका. मंडळानं माझा सत्कार केला, मी आभारी आहे. तोंडातून ब्र काढला, माफ करा."

मी माइक नानांच्या एका हातात दिला, दुसऱ्या हातात आत्यांचा हात दिला. आत्यांनी तो घट्ट धरला. त्या कुणाचाही धरतात. नाना हसत होते. फोटोत हसतात तसं तोंड त्यांना मिटता येईना. मी मागच्या शिडीनं उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अजून वाटत होतं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

फाटा किलोमीटरभर लांब. नेहमी पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी मला चाळीस लागली. मांड्यांमध्ये उकळतं पाणी ओतल्यासारखं होत होतं. रसवंतीवाल्यानं पिशवी दिली, रस दिला, उसाच्या मोळीवर बसायला जागा दिली. विट्याची एसटी समोरच्या चढावर दिसायला लागली आणि त्याच वेळी गावाकडून उत्तमची गाडी धुरळा उडवत आली.

आधी हणमंत उतरला.

"मालन! चल घरी. अब्रू घालवलीस भर मांडवात!"

मागून शैला उतरली. "अक्का, असलं माइकवर बोलतात का हो? बायकांचं असतं ते."

उत्तम गाडी चालूच ठेवून खिडकीतून म्हणाला, "वहिनी, बसा गाडीत. पाहुणेमंडळी ताटकळलीत. घरी बसून काय ते ठरवू."

एसटी येऊन उभी राहिली. मी हणमंतकडं बघितलं. मग शैलाकडं, मग उत्तमकडं. गाडीच्या मागच्या सीटवर नानांचा ड्रायव्हर बसला होता, त्याच्या शेजारी स्वतः नाना, गळ्यात हार.

"सगळेच आलात," मी म्हटलं. "आत्यांजवळ कोण आहे?"

हणमंतनं शैलाकडं बघितलं. शैलानं उत्तमकडं बघितलं. उत्तमनं आरशातून मागं नानांकडं बघितलं. नाना म्हणाले, "मी तर घरच्यांच्या हातात दिलं होतं."

"कुणाच्या?"

कंडक्टरनं दरवाजा आपटला. "येताय का बाई? का सासरला चाललाय?"

सहा वर्षांत मी आत्यांना इतका वेळ एकटं सोडलं नव्हतं. मांडवाच्या मागं विहीर होती. कठडा गुडघ्याएवढा. ते मला माहीत होतं, त्या चौघांनाही माहीत होतं. एक पाय माझा परत फिरलाच होता. खोटं कशाला सांगू? मग मांडीवरून काहीतरी गरम ओघळलं. मी खाली बघितलं. चपलेवर रक्ताचा थेंब पडला होता.

"मग पळा की," मी त्यांना म्हटलं, आणि पायरीवर पाय ठेवला.

हणमंतनं माझ्या पिशवीचा बंद धरला. "मालन, आई एकटी आहे तिथं!"

"हां," मी म्हटलं. "पळा."

त्यानं बंद सोडला. कंडक्टरनं घंटी मारली. मागच्या काचेतून मला दिसलं, उत्तमनं गाडी वळवताना रसवंतीच्या चरकाला धडक दिली. मी विट्याचं तिकीट काढलं. पुढच्या दोन थांब्यांवर मी उठून उभी राहिले. दोन्हीकडं परत बसले.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "सोबत कोण?"

"कुणी नाही."

"डबा?"

"नाही."

डबा मुल्लाबाईंच्या घरून आला. चार दिवस. पहिल्या रात्री मी सलग नऊ तास झोपले. उठल्यावर मला लाज वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली होती.

हणमंत शनिवारी आला. दाढी वाढलेली, बोटाला चिंधी गुंडाळलेली, कमरेत वाकलेला. स्टुलावर बसला तो हात टेकून, म्हाताऱ्यासारखा.

"बोटाला काय झालं?"

"चावली. चमचा घ्यायचा होता. विसरलो."

"सापडल्या कुठं?"

"मांडवातच. सगळे जेवायला पांगले होते. व्यासपीठाखाली शिरून झाडत होती. विहिरीपर्यंत झाडत गेली होती, तिथनं परत आली. त्या शालीत गठुडं बांधलं होतं, एवढं मोठं. सोडायला तयार नाही. उचलून आणली." त्यानं कमरेवर हात ठेवला. "उसण भरली."

"उत्तमभावजी?"

"गेले काल. रिझर्व्हेशन होतं."

खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता. हणमंत बसल्या बसल्या पेंगला, दचकून जागा झाला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "फाट्यावर तुला माहीत होतं ना, ती एकटी आहे?"

"होतं."

"मागं विहीर आहे, ते?"

"तेही."

"आणि तरी तू गाडीत चढलीस."

"हो."

"कसा पाय उचलला गं तुझा?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी पण खरंच सांगितलं.

"तुम्ही दरवर्षी चढता की. जत्रा झाली की सहाव्या दिवशी. मी एकदा चढले."

त्याच्या चिंधीची गाठ सुटली होती, ती तो दातानं बांधत बसला. दोनला दहा कमी असताना एकदम उठला. "पिवळी गोळी," म्हणाला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला बसवून आला होता. वाकूनच, भिंतीला धरत, जिना उतरला. मी त्याला "काळजी घ्या" म्हणाले नाही.

तीन महिने तो गावात राहिला. सहा वर्षं तो मला सांगत होता, की तो हलला तर दुकान बुडेल. कारागिरांनी दुकान व्यवस्थित चालवलं. मग पाळ्या लागल्या. तीन महिने हणमंत, तीन महिने उत्तम, आणि दर गुरुवार माझा. गुरुवारी मी विट्याला जायचे, स्टँडच्या कँटीनमध्ये एक मिसळ खायची, चहा घ्यायचा आणि दोनच्या गाडीपर्यंत नुसती बसायचे. शैलानं विचारलं, "तिथं करता काय, अक्का?" मी म्हटलं, "काही नाही. तेच करायला जाते." उत्तमच्या पहिल्या पाळीत शैलाचा योगा बंद पडला. मी तिला म्हटलं, स्वतःसाठी वेळ काढत जा. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आत्या आणखी तीन वर्षं जगल्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. मला "ए पोरी" म्हणायच्या आणि मातीची पुडी हातात द्यायच्या, "ठेव, कुणाला सांगू नको."

मंडळाचा आदर्श सून पुरस्कार अजून दरवर्षी देतात. मनोगत मात्र बंद केलं.

ते मोरपिशी शालीतलं गठुडं. पहिल्या तीन महिन्यांनी हणमंत कोइमतूरला निघाला तेव्हा ते कपाटावरून दिसेनासं झालं. मी घरभर शोधलं, आत्या शोधायच्या आत. मग त्याला फोन लावला.

"माझ्याकडं आहे," तो म्हणाला. "मुशीत घातलं आज."

"निघालं काय?"

"काय निघणार? जत्रेतली माती. गुलाल, शेंगांची टरफलं. स्वागत समितीचा एक बिल्ला होता, तो वितळला."

"मग घातलं कशाला? भट्टी फुकट गेली."

तिकडून भट्टीच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"टाकवेना," हणमंत म्हणाला.